लिमये अण्णांचा पावसाळी कॅमेरा

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो! ते स्टीलच्या वाट्यांसारखे असतात. आपण घेतलेल्या असतात चार, आणि एक दिवस कपाट उघडावं तर डझनभर अंगावर येतात. आमच्या झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या लिमये अण्णांच्या कॅमेऱ्याचं तसंच आहे. एक सांगायला घेतला की बाकीचे रांगेत उभे.

आता मंडळी कोण ते आधी सांगते. अण्णा लिमये डिव्हिजनच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन. त्यांच्या बायको कमलवहिनी. शेजारच्या क्वार्टरमध्ये आम्ही, म्हणजे मी आणि वॅगन वर्कशॉपमधले आमचे मधुकरराव. आणि पाचवे दीक्षितजी. त्यांचं घराणं झाशीत पिढ्यान् पिढ्या, त्यामुळे त्यांचं मराठी सुरू व्हायचं पुण्यात आणि संपायचं बुंदेलखंडात! आम्ही सगळे मिळून दरवर्षी पास काढून फिरायला जायचो.

आणि दरवर्षी भर पावसात. हौस म्हणून नव्हे. लग्नसराईत गाड्या तुडुंब, तेव्हा रजेचा अर्ज दिला की साहेब कपाळाला हात लावायचे. चातुर्मास लागला, लग्नं थांबली, की तेच साहेब म्हणायचे, "जाइए जाइए, घूम आइए!" पास हातात, गाडी रिकामी, आणि वर धो धो पाऊस. आम्ही जेवढा म्हणून हिंदुस्थान पाहिला तो छत्रीखालून पाहिला.

त्यात अण्णांना फोटोचं वेड. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात म्हणून देणार नाहीत. "लोकांचा हात हलतो!" त्यामुळे अण्णा स्वतः कुठल्याच फोटोत नाहीत. आणि वहिनींचं मागणं तर एकच होतं. साडी नको, पाटल्या नकोत. प्रवासातला, मागे नदी असलेला, दोघांचा एक फोटो. लग्नातला एक होता, पण त्यात नवरानवरीच्या मधोमध भटजींची पाठ!

अण्णांनी कबूल केलं होतं. "पावसात चालेल असा कॅमेरा एकदा मिळू दे, पहिला फोटो आपल्या दोघांचा."

*

पहिला होता डबा कॅमेरा. आम्ही भेडाघाटला गेलो. नर्मदा अशी फुगलेली की धबधबा कुठे सुरू होतो तेच कळेना. पाऊस आडवा येत होता. अण्णांनी वहिनींना कठड्याशी उभं केलं, छत्री उघडली आणि धरली कुठे, तर कॅमेऱ्यावर!

वहिनी नखशिखान्त भिजल्या. अंबाडा सुटला, कुंकू नाकापर्यंत आलं. शेवटी ओरडल्या, "अहो, मी भिजतेय!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "तू वाळशील गं. हा वाळत नाही."

त्यावर वहिनी परतीच्या गाडीत कटनीपर्यंत बोलल्या नाहीत. कटनीला अण्णांनी खाली उतरून गरम भजी आणली, तेव्हा कुठे "मीठ कमी आहे" एवढं म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं.

*

मग दीक्षितजींनी आपल्या आजोबांचा कॅमेरा काढला. चामड्याचा भाता असलेला, पुढे ओढून उघडायचा. "अण्णाजी, ही खानदानी चीज आहे. संभालके घ्या बरं."

अण्णा म्हणाले, भात्यातून पाणी शिरेल. आमच्या मधुकररावांना तेवढंच पाहिजे होतं! वर्कशॉपमध्ये ताडपत्रीला लावायचं मेण असतं. थेंबभर पाणी आत जाऊ देत नाही. ते त्यांनी भात्याला आतून बाहेरून अस्सं चोपडलं आणि कॅमेरा बंद करून ठेवला.

ओरछ्याला पोचलो. बेतवा भरलेली, मागे राजांच्या समाध्यांवरच्या छत्र्यांचे कळस, वहिनी नवी हिरवी साडी नेसून तयार. अण्णांनी कॅमेरा उघडायला घेतला तर उघडेना. मेणाने घडीवर घडी बसलेली. एका बाजूने अण्णा, दुसऱ्या बाजूने मधुकरराव. दोघं ओढताहेत आणि वर पाऊस. येणारे जाणारे थांबून बघायला लागले.

दीक्षितजी कॅमेरा कुरवाळत म्हणाले, "राहू दे भैया. पाणी तर सचमुच आत जाणार नाही. आता तो प्रकाशही जाऊ देत नाही!"

माणूस मात्र सोन्यासारखा. त्या कॅमेऱ्यावरून पुढे कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

*

तिसरा दोन भिंगांचा. हा गळ्यात अडकवायचा आणि वरून आत डोकावून बघायचं. अण्णा महिनाभर कॉलनीत मान खाली घालूनच फिरत होते. लोकांना वाटलं, घरात काहीतरी झालंय!

पचमढीला नेला. पण वरून डोकवायचं तर वरून पाऊसही डोकावणारच ना! आतल्या काचेवर थेंब पडायला लागले. अण्णांनी युक्ती केली. स्वतःच कमरेत वाकून कॅमेऱ्यावर छप्पर झाले. काचेवर थेंब, चष्म्यावर थेंब, समोरचं काही दिसत नव्हतं. तरी अंदाजाने सबंध रोल संपवला.

झाशीला येऊन रोल धुतला. अण्णा जितके वाकले होते तितकाच कॅमेराही वाकला होता. सगळ्या फोटोंत पाय! माझे पाय, मधुकररावांचे बूट, दीक्षितजींची मोजडी. एकेक फोटो हातात येत होता आणि हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी.

वहिनींनी आपली जोडवी ओळखली. म्हणाल्या, "चला, यंदा पायापर्यंत आलात. तोंडापर्यंत यायला अजून चार पावसाळे!"

सगळे हसले, पण अण्णा उठून व्हरांड्यात जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "सुलभाबाई, मला का कळत नाही? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. पण जमत नाही बघा." मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. खरंच सांगते, इतका वेळ त्यांच्यावर हसले त्याची लाज वाटली.

*

तोच कॅमेरा अण्णांनी नंतर जिवापाड जपला. पावसात नेणं बंद. दमट हवेने काचेला बुरशी येते म्हणून वहिनींच्या तांदळाच्या डब्यात ठेवायचे. रोज वरण-भाताच्या आधी वहिनी कॅमेरा बाहेर काढायच्या आणि भात टाकला की परत आत. "एक सवत, तीही डब्यात!" म्हणायच्या.

मग आली विश्वकर्मा पूजा. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात, इकडे वर्कशॉपमध्ये विश्वकर्म्याला. लेथला हार, हातोड्याला टिळा, क्रेनला नारळ. मधुकरराव म्हणाले, अण्णा, तुमचं हत्यार पण आणा. अण्णांनी कॅमेरा स्वच्छ पुसून पाटावर मांडला.

पंडितजी मोठे उत्साही. मंत्र म्हणता म्हणता आंब्याच्या पानाने शिंपडत होते. त्यांना वाटलं, एवढीशी चीज, हिला पूर्ण आशीर्वाद मिळावा. तर उरलेला लोटा उघड्या कॅमेऱ्यावर उपडा!

अण्णांनी झडप घालून कॅमेरा उचलला आणि उलटा धरला. पावसापासून वर्षभर वाचवला आणि बुडाला तो तीर्थात!

पंडितजी म्हणाले, "घबराइए मत बाबूजी, गंगाजल है. सौ साल खराब नहीं होता."

मधुकरराव म्हणाले, "पंडितजी, पानी की चिंता नहीं है!"

*

आता अण्णांची रिटायरमेंट तोंडावर आली. ऑफिसातल्या पेन्शनच्या शुक्लाजींनी सांगितलं, "लिमये बाबू, मियाँ-बीवी का जॉइंट फोटो लगेगा. आपको क्या दिक्कत, आप तो फोटोग्राफर हैं!"

अण्णांनी घरी येऊन ट्रंक उपसली. धबधबे निघाले, पूल निघाले, ढगच ढग निघाले. वहिनी तीनचार फोटोंत होत्या, त्याही अर्ध्या. अण्णा कशातच नाहीत. आणि लग्नाच्या फोटोत भटजी!

मधुकरराव म्हणाले, "स्टुडिओत जा की दहा मिनिटं."

वहिनी एरवी कधी हट्ट करणाऱ्या नव्हेत. पण त्या दिवशी कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "मी स्टुडिओत येणार नाही. पडद्यावरची नदी मला नको. आयुष्यभर भिजले ते काय पडद्यासाठी? कबूल केलंय तसा काढा, नाहीतर तुमच्या ऑफिसला सांगा, बायको फोटोत येत नाही म्हणून!"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "चल, नवा कॅमेरा बघू."

*

मानिक चौकात गेलो आम्ही पाचही जण. गल्ली ही एवढीशी, आमच्याच छत्र्या एकमेकींत अडकत होत्या. दुकानदाराने नवाकोरा, बॅटरीवर चालणारा कॅमेरा पुढे ठेवला. अण्णांनी विचारलं, "बारिश में चलेगा?"

"बिलकुल चलेगा बाबूजी!"

"तो एक लोटा पानी मँगवाइए."

दुकानदाराने कॅमेरा झटकन छातीशी धरला. "बाबूजी, चलेगा कहा है, तैरेगा नहीं कहा!"

मग निघाला दुसरा. वापरलेला, जड, अख्खा लोखंडी वाटावा असा. बॅटरी नाही, भाता नाही, वरून डोकवायचं नाही, सरळ डोळ्याला लावायचा. अण्णा त्याचे सांधे बघत होते, पुढे किती लांब टोपण लावलं तर भिंगावर थेंब येणार नाहीत ते मोजत होते. दीक्षितजी म्हणाले, "भाऊ, ह्यो तर इंजिन आहे इंजिन!"

तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "भैया, इसमें दो लोग आएँगे?"

"दो क्या बहनजी, बीस आ जाएँगे!"

"बीस नहीं चाहिए." वहिनींनी अण्णांकडे बोट दाखवलं. "ये आएँगे क्या?"

दुकानदार बघतच राहिला. मग त्याला उमगलं. त्याने भिंगाशेजारची एक छोटी दांडी खाली ओढून दाखवली. ती कुर्र कुर्र करत वर गेली आणि फोटो आपोआप निघाला. "हो गया. बटन दबाइए और दौड़कर बहनजी के पास."

अण्णांनी पुढे एक प्रश्न विचारला नाही. कॅमेरा बांधून घेतला.

*

रविवारी बसने एरचला गेलो. बेतवा दोन्ही काठ भरून, पाणी गढूळ, आणि पाऊस असा की पलीकडचा काठ मधूनच दिसायचा, मधूनच पुसायचा. आम्ही तिघं घाटावरच्या झाडाखाली. मी म्हटलं, "अण्णा, द्या इकडे, मी दाबते बटण." तर म्हणाले, "हात हलतो." सुधारायचे नाहीत!

तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा, त्याला प्लास्टिकची पिशवी, पिशवीला भिंगापुरतं भोक. अण्णांनी दांडी ओढली आणि धावले. वहिनींजवळ पोचले, वळून बघतात तर पिशवी वाऱ्याने भिंगावर. परत धावले. दुसऱ्यांदा पोचले तोवर वाटलं, तिकाटणं हलतंय. परत उलटे धावले. बिचाऱ्या वहिनी एकट्याच नदीकडे पाठ करून उभ्या, ओठांवर हसू धरून. तिसऱ्यांदा अण्णा निम्म्या वाटेतूनच परत फिरले, चिखलात घसरले आणि धोतर गुडघ्यापर्यंत माखलं.

असं करता करता रोलमध्ये एकच फोटो उरला. एरचची शेवटची बस निघायची वेळ झाली. कागद दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. मधुकरराव म्हणाले, "संपलं. आता पेन्शन भटजींच्या पाठीवरच!" कोणाला हसू आलं नाही.

अण्णांनी दांडी ओढली आणि या खेपेला चालत गेले. वहिनींजवळ उभे राहिले. वहिनी त्यांच्याकडे न बघता काहीतरी बोलल्या. पावसाच्या आवाजात आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही. कुर्र कुर्र मात्र थांबलं आणि खट्ट झालं.

दीक्षितजींनी त्या रात्री ओळखीच्या फोटोवाल्याला उठवून रोल धुऊन घेतला. सकाळी फोटो हातात आला. स्वच्छ! मागे बेतवा, पावसाच्या बारीक रेघा, वहिनी ओल्याचिंब आणि सरळ समोर बघताहेत. अण्णाही पूर्ण आलेले, चिखलासकट.

आम्ही सगळेच ऑफिसात गेलो, लग्नाला जावं तसे. शुक्लाजींनी फोटो घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि मान हलवली.

"लिमये बाबू, ये नहीं चलेगा. मैडम तो ठीक हैं, सामने देख रही हैं. आप किधर देख रहे हैं? आप तो मैडम को देख रहे हैं! सरकारी फोटो में दोनों को कैमरे में देखना पड़ता है."

अण्णांचा चेहरा पडला. हात पुढे करून फोटो परत घ्यायला लागले. तेवढ्यात वहिनी टेबलाशी आल्या आणि त्यांनी फोटोवर हात ठेवला.

"भैयाजी, कैमरे में तो ये पूरी नौकरी देखते रहे. कल पहली बार इधर देखा है. लगा दीजिए."