देव्हाऱ्यातल्या सुपाऱ्या

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले पुष्कळ विसरलो. पण मुदखेडजवळच्या एका गावातली देव्हाऱ्यातली चोरी काही केल्या मनातून जात नाही.

सकाळची हजेरी उरकत होती, तेवढ्यात एक मावशी पदर सावरत ठाण्यात आल्या. घरातले चांदीचे टाक चोरीला गेले होते. देवांचे, आणि त्यांच्या शेजारी बसवलेला वारलेल्या नवऱ्याचा. आमच्याकडे घरातलं जाणतं माणूस गेलं की त्याचाही टाक घडवून देवांजवळ बसवतात. अंमलदार फिर्याद लिहीत होता आणि मावशींचं एकच पालुपद, "साहेब, देव पुन्हा घडविता येतेत. आमच्या मालकाचा टाक तेवढा आणून द्या. सकाळी त्यांच्यासंगं दोन शब्द बोलल्याबिगर घशाखाली चहा उतरत न्हाई मला."

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. कुलूप शाबूत, कपाट शाबूत. देव्हाऱ्यात डोकावलो आणि थबकलो. जिथं जिथं टाक होता, तिथं तिथं चिमूटभर तांदळावर एकेक सुपारी मांडलेली. टाक उजळायला दिले की त्यांच्या जागी सुपारी ठेवायची, देव्हारा रिकामा ठेवायचा नाही, ही घरोघरची रीत. पण ती चोरानं पाळावी?

"साहेब, चोर लई देवभोळा हाय," हवालदार हसला. मला हसू आलं नाही.

"मावशी, घरात कोण कोण असतं?"

"मी अन् माझा लेक. लातूरला कामाला हाय. कालच येऊन गेला." बोलता बोलता त्यांची नजर सुपाऱ्यांवर गेली आणि तिथंच खिळली. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

मग नांदेडच्या सराफ्यातून खबऱ्याचा निरोप आला. एका पोरानं टाक आटवायला आणले होते. दुकानाच्या पायरीखाली चपला काढल्या, टाक कपाळाला लावले, आणि मूस भट्टीत गेली तेव्हा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. वर्णन जुळलं. लातूरहून त्याला ताब्यात घेतलं.

ठाण्यात माझा आवाज दणदणीत म्हणून मी बदनाम होतो. त्या दिवशी मात्र देव्हाऱ्यातून पुरावा म्हणून आणलेली एक सुपारी नुसती टेबलावर ठेवली. पोरगं ढसाढसा रडायला लागलं.

फोनवर तो पैसे लावून ब्लॅकजॅक खेळायचा, पत्त्यांचा एकवीसचा डाव. पडद्यावर खरीखुरी बाई बसून पानं वाटते. कुठल्या देशातली कोण जाणे, पण ह्याला नावानं हाक मारायची.

"साहेब, खोलीवर आल्यावर माझं नाव घेणारं कुणीच नव्हतं. म्हणून बसायचो. मग हरलो तरी उठवंना."

"अरे गाढवा, गावाकडं आई होती ना नाव घ्यायला!"

"तिचा फोन यायचा. डाव चालू असायचा. कट करायचो."

मग तो आपणहून बोलला. "बाप नांदेडला दवाखान्यात होता. आतून मला हाक मारली. मी भाईर बाकड्यावर खेळून राहिलो होतो. म्हणलं, एवढा डाव होऊ दे. आत गेलो तर..." मी पाण्याचा पेला सरकवला. बँकेतून खात्याचा उतारा मागवला होता, पण हे त्यात कुठं दिसणार?

मुद्देमाल म्हणून हाती आला चांदीचा एक ओबडधोबड गोळा. देव आणि मालक, सगळे त्यातच. कोर्टाच्या हुकमानं तो परत दिला तेव्हा मावशींनी पदरात घेतला. सोनार लगेच टाक घडवून द्यायला तयार होता.

"आत्ता न्हाई. त्यानं मोडलेत, त्यानंच घडवून आणावं. येईल की." मावशींनी कोर्टाच्या परवानगीनं प्रकरणही मिटवून घेतलं. पोरगा आईच्या पाया पडला, "टाक घडवायला येतो" म्हणाला आणि लातूरला गेला.

गेलेली वस्तू कशी शोधायची हे मला खात्यानं शिकवलं. घरातल्या घरात निघून गेलेलं माणूस कसं शोधायचं, ते कुणी शिकवलं नाही. आता फोनमध्ये मान घातलेलं पोर दिसलं की अधिकार नसताना विचारतो, "आईला फोन केलास का रे?" पोरं चिडतात. चिडू देत.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावावरून जाताना मावशींकडं थांबलो. देव्हाऱ्यात गोळा तसाच होता. त्याच्यापुढं त्याच सुपाऱ्या, हळदीकुंकवानं माखलेल्या.

"मावशी, आता सुपाऱ्या कशाला?"

"त्यानं मांडल्यात, साहेब. लेकराचा हात लागलाय. ऱ्हाऊ द्या."

चहा आला. "थांबा, तुमच्याशी बोलायला लावते त्याला," म्हणत त्यांनी हौसेनं फोन लावला. दोनदा वाजला आणि कट झाला.

"कामात असंल," मावशी म्हणाल्या.

मी मान डोलावली. त्यांच्या हातातला चहा तसाच होता.