सप्ताहाची मीटिंग आणि शौर्यचे इन्सर्ट्स

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या पडवीत गावच्या हरिनाम सप्ताहाची मीटिंग झाली... आणि ती झाली माझ्या लेकाच्या वाळत घातलेल्या डायपर्सखाली. अजून आठवलं की हसू येतं.

आमचं घर भिवंडीजवळ वळ गावात. मी मूळची ठाण्याची, लग्न करून इथे आले. लेक शौर्य आता पाच महिन्यांचा. बाजारातल्या वापरून फेकायच्या डायपरने त्याला रॅश यायचे, म्हणून हट्टाने कापडी डायपर घेतले. नवऱ्याला ही नसती उठाठेव वाटत होती, पण मी ऐकणार थोडीच...

कापडी डायपरचं वरचं कव्हर चटकन वाळतं हो. खरी परीक्षा असते आतल्या इन्सर्टची, म्हणजे सगळं शोषून घेणाऱ्या त्या जाड पट्टीची. मशीनमध्ये पिळा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, काही करा... पावसाळ्यात ती दोन दोन दिवस दमटच. वरून कोरडी लागते आणि पोटात ओली.

गच्चीवर घालायची सोय नाही, कारण गावाभोवतीच्या गोडाऊनच्या ट्रकांची धूळ. पाऊस थांबला की धूळ, धूळ बसली की पाऊस. त्यामुळे मी सगळं आमच्या बेडरूममध्ये वाळत घालायचे... स्टँडवर, खुर्चीच्या पाठीवर, कपाटाच्या दारावर. खोलीला कुबट वास यायला लागला आणि शौर्यचे रॅश परत आले. रात्रभर रडायचा बिचारा. त्यात पुढच्या आठवड्यात मानकोलीच्या ऑफिसात माझी ड्युटी सुरू होणार होती. नवरा म्हणाला, "बस झालं आता, तू गेल्यावर आईने हे कसं करायचं?" त्याचंही चूक नव्हतं. पण फेकायच्या डायपरने काय होतं तेही पाहिलेलं... करू काय?

आता तुम्ही म्हणाल, घरात दुसरी जागा नव्हती का? होती ना. पुढची पडवी. लांबलचक, वरून पत्रा, दोन्ही बाजूंनी मोकळी, वारा नुसता भणाणतो. पण पडवी म्हणजे बाबांची, माझ्या सासऱ्यांची जागा. सकाळपासून तिथे त्यांची खुर्ची, त्यांचा पेपर, त्यांचे पाहुणे. सासऱ्यांच्या डोक्यावर पोराच्या लंगोटांची माळ लावायची? माझी छाती झाली नाही.

आमच्या घरी कोणी पदर घ्यायला सांगत नाही, पण सासरा आणि सून एकमेकांशी थेट बोलत नाहीत. निरोप आईंमार्फत, म्हणजे सासूबाईंमार्फत जातो. बाबा तर जेवायची वेळ सोडली तर घरात फिरकायचेच नाहीत. मला वाटायचं, त्यांना शहरातली सून फारशी पसंत नसावी...

त्या रविवारी सकाळी शौर्य बाबांच्या मांडीवर होता आणि काही केल्या थांबेना. बाबांनी आईंना विचारलं, "पोराला काय झायलंय?" आईंनी सगळं सांगितलं. रॅश, ओलसर कपडे, बंद खोली. बाबा पोराला आईंकडे देऊन उठले.

मी आंघोळ करून बाहेर आले तर पडवीत या खांबापासून त्या खांबापर्यंत नायलॉनची नवी दोरी. बाबांची खुर्ची चपलांच्या कोपऱ्यात. टेबलफॅन दोरीकडे तोंड करून चालू. आई एकेक इन्सर्ट, एकेक कव्हर सुटंसुटं लावत होत्या. "ते बोलले, हितं वारा हाय, तिच्या खोलीन न्हाय," एवढंच म्हणाल्या.

दुपारी सप्ताहाची मंडळी आली. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, आणि वर दोरीवर कव्हरांवरचे पिवळे हत्ती, निळे जिराफ. मी लाजेने अर्धी होऊन सगळं काढायला धावले.

"राहू दे गो," बाबा म्हणाले. "सुकलं न्हाय अजून."

मला म्हणाले. थेट मला. मी तशीच उभी राहिले, हातात एक चिमटा घेऊन.

मंडळी बसली. घामाने बेजार झालेले एक काका म्हणाले, "दादा, फॅन जरा हिकडं फिरवा." बाबा शांतपणे म्हणाले, "तो नातवाचा हाय. तुमाला वारा पायजे तं अंगणान बसा." सगळे हसले. अन्नदानाचं ठरलं, भजनी मंडळाचं ठरलं, फॅन काही फिरला नाही.

संध्याकाळी इन्सर्ट्स खडखडीत वाळलेले होते. मध्ये दाबून पाहिलं, गालाला लावून पाहिलं... कुठे दमट नाही. घड्या घालताना मी आईंना म्हटलं, "बाबांची जागा घेतली हो आपण. ते घरात तर बसतच नाहीत, आता जातील कुठे?"

आई हसल्या. "आगं, आदी ते हॉलमदीच बसायचे. दिवसभर टीव्ही. तू आली तवा बोलले, नवी पोर हाय, घरात तिला मोकलं वाटाया पायजे. तवापासून भायेर."

मी त्यांच्या संकोचाने दार लावून बसलेले, आणि ते माझ्या संकोचाने दोन वर्षं पडवीत. उन्हाळ्यातसुद्धा. डोळे भरून आले, ते शौर्यच्या इन्सर्टलाच पुसले. नाहीतरी त्याचं कामच ते.

शौर्यचे रॅश आता उतरलेत, मी निर्धास्त ड्युटीला जाते. आणि बाबांची खुर्ची मी स्वतः उचलून हॉलमध्ये आणली. थेट सांगितलं, "बाबा, इथेच बसायचं." बसले. टीव्हीचा आवाज भयंकर मोठा ठेवतात... पण ठेवू देत. घर त्यांचं आहे, आणि ते माझे आहेत.