शेठजींचा अर्धा तास

१७ डिसेंबरची गोष्ट. सकाळी मी आहाराचे कोरे फॉर्म स्टेपल करत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी एक पेशंट माझ्याकडे पाठवला. मंगरूळपीरच्या या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. पेशंट म्हणजे बाजारातले एक किराणा दुकानदार, वय साठीजवळ. सोबत सून. तक्रार जळजळ, गॅस आणि पोट साफ नसण्याची. डॉक्टरांनी केलेल्या सगळ्या तपासण्या नॉर्मल.

"मॅडम, आमी जैन लोक," शेठजी बसायच्या आधीच म्हणाले. "कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. सूर्य बुडाल्यावर पानी बी नाही. मग पोट काहून बिघडून राह्यलं?"

मी डाएट रिकॉल घेतला. म्हणजे कालच्या दिवसात तोंडात काय काय गेलं ते पेशंटने आठवून सांगायचं आणि आपण लिहायचं. शेठजींनी दोन जेवणं आणि दोन चहा सांगितले.

"अन् शेव?" सून म्हणाली.

"ते खाणं होय का? माल पाहा लागते."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. फुटाण्याचं पोतं उघडलं की मूठभर चाखणे. शेव ताजी आहे हे गिऱ्हाइकाला पटवायला आधी स्वतः खाणे. गूळ, खारे दाणे, फरसाण. फॉर्मची मागची बाजूही भरली. शेठजींची प्रत्येक ओळीला हरकत. त्यांच्या मते हा धंदा होता, आहार नव्हता.

"संध्याकाळचं जेवण किती वेळात होतं?"

"आता हिवाळ्यात पावणेसहाच्या आत आटपा लागते. तवाच गिऱ्हाईक येते. डबा काउंटरवरच. सात-आठ मिनिटं."

"उभ्यानंच," सून म्हणाली. "एक हात डब्यात, एक वजनकाट्यावर. मंग दुकानातलंच पाचक चूर्ण."

"लई खपते ते," शेठजी मला म्हणाले.

मी लिहून दिलं. चाखणं बंद. पाणी दिवसभर थोडं थोडं. पाच वाजता घरी जायचं, बसून, चावून, अर्धा तास जेवायचं. परत येताना पायी.

"अर्धा तास? दुकानात कोण बसन?"

"मी," सून लगेच म्हणाली. ती एम.कॉम. झालेली. लग्नाला चार वर्षं झाली तरी मागच्या खोलीत मसाल्याच्या पुड्याच बांधत होती, हे मला नंतर कळलं. "मॅडम, पाऊण तास लिहा ना. पप्पाजी अजून सावकाश चावतील."

मी अर्धाच ठेवला. शेठजींनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि खिशात घातली.

तीन आठवड्यांनी ते एकटेच आले. चेहरा पडलेला.

"पोट?"

"पोट झकास हाय. पण बाया आता पाच वाजताच येऊन राह्यल्या. म्हणतात, सूनबाई असली की बरं. तिनं साऱ्या बरण्यांले झाकणं लावली. मी जेवून गेलो तं मलेच म्हणते, पप्पाजी, बसा जरा, एवढं गिऱ्हाईक होऊ द्या. तुमी लिहून द्या ना, आता दहा मिनिटांत जेवलं तरी चालते."

"नाही चालत. जळजळ परत यायची चिठ्ठी मी कशी देऊ?"

"चूर्ण बी कमी खपते आता."

"का?"

"गिऱ्हाइकाले सांगते ती, आधी चावून खा म्हणून."

इतक्या वर्षांत एक कळलं आहे. हे खा, ते सोडा, असं सांगितलेलं लोक बऱ्यापैकी ऐकतात. अर्धा तास दुकानाच्या गादीवरून उठा म्हटलं, की बरं झालेल्या पोटाचंही कौतुक राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला, तर बाकावर बाजारातल्या तीन सुना बसल्या होत्या. तशीच चिठ्ठी हवी होती. त्यांच्यापैकी कुणाचंच पोट दुखत नव्हतं. मी तिघींना भेटीच्या तीन वेगवेगळ्या वेळा दिल्या आणि येताना सासऱ्यांना सोबत आणायला सांगितलं.