टाकीतली ओल

लातूरच्या एमआयडीसीत सिद्रामप्पांचं वेल्डिंगचं दुकान होतं. तीस वर्षं त्यांनी पाण्याचे टँकर बांधले. त्यामुळे औशाची मंजुश्री नावाची इंजिनियर पोरगी पाणी आत शिरणार नाही अशी टाकी मागायला आली, तेव्हा त्यांना हसूच आलं. टाकीत तिच्या कंपनीचे कॉम्प्युटर बंदिस्त करायचे आणि ती नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या जलाशयात बुडवायची.

"हे लई तापतात अप्पा. थंड ठेवण्यातच ढीगभर वीज जाते. पाण्यात ती वाचेल," ती म्हणाली होती.

सिद्रामप्पांनी सगळे जोड स्वतःच्या हातानं मारले. फेब्रुवारीत टाकी पाण्यात गेली. एप्रिलच्या एका सकाळी मंजुश्रीचा फोन आला, "अप्पा, आत ओल वाढायलीय. येता का?"

अप्पांनी हातातलं काम तसंच टाकलं आणि नांदेडची एसटी धरली. आपलाच जोड फुटला असणार, हे वाटेतच त्यांच्या मनानं घेतलं.

काठावर छत्रीखाली मंजुश्री लॅपटॉप घेऊन बसली होती. आतल्या ओलीचा आकडा दर तासाला चढत होता.

"क्रेन बोलवा की!"

"आली होती. पाणी मागं गेलंय, गाळात चाकं रुतली. आता तराफ्यावरची क्रेन हैदराबादहून निघालीय. परवा पोचेल. तिचं भाडं आतल्या मशिनींपेक्षा जास्त आहे."

"मग पाणबुड्या बघू का एखादा?"

"तो बाहेरून काय करणार अप्पा? झाकण पाण्यात उघडता येत न्हाई."

अप्पा खाली बसले. उभ्या आयुष्यात गळतीचा निरोप आला की ते वेल्डिंगचं सामान उचलून निघायचे. इथं टाकी शंभर पावलांवर होती आणि हात लावायची सोय नव्हती.

"चार नंबरचा कॉम्प्युटर बंद पडला," मंजुश्री म्हणाली. संध्याकाळपर्यंत आणखी सहा गेले. प्रत्येक आकड्याला अप्पांची मान खाली जायची.

तिसऱ्या दिवशी टाकी वर आली. झाकण उघडून अप्पांनी आतल्या बाजूनं जोडांवरून बोटं फिरवली. सगळे कोरडे होते. केबल आत जाते तिथलं रबर चिरलं होतं, आणि तिथून जेमतेम बादलीभर पाणी शिरलं होतं.

पुण्याहून आलेले कंपनीचे साहेब रबर बोटात धरून म्हणाले, "जमिनीवर असतं तर दहा मिनिटांत बदललं असतं." संध्याकाळच्या आत त्यांनी प्रयोग गुंडाळला. मंजुश्रीची नोकरी त्या प्रयोगापुरतीच होती.

"तुमचं काही चुकलं न्हाई, अप्पा," ती म्हणाली.

हे ऐकून अप्पांना हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पोरीला धीर द्यायचा होता. "चहा घेतेस का?" एवढंच तोंडातून निघालं.

तिनं नको म्हणून मान हलवली आणि भिजलेल्या वायरी गोळा करायला लागली. अप्पाही वाकून तिच्या शेजारी वायरी गुंडाळू लागले.