बोट तुमचं, जोर माझा

"बोट द्या," असं म्हणून मिस्त्री हात पुढे करायचे. करायचे म्हणजे करत असणार, मला तो दिसायचा नाही. आपण बोट द्यावं की नाही याचा विचार होईपर्यंत त्यांनी ते धरलेलंच असायचं. नारळाच्या शेंडीसारखी खरखरीत मूठ, आणि तिला लेथच्या तेलाचा वास. ते बोट नेमक्या जागी न्यायचं, वर आपला अंगठा ठेवायचा आणि म्हणायचं, "बोट तुमचं, जोर माझा. हं, दाबा."

त्यांना चांगलं नाव होतं, पण मी त्यांना मिस्त्रीच म्हणायचो आणि ते मला मालक. मालक म्हणावं असं माझ्याकडे काय होतं? कोल्हापुरात कचेरीसमोर आठ बाय दहाचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान, त्यात एक कॉम्प्युटर, एक मशीन, आणि बाहेर एक बाकडं. माझे डोळे विशीतच गेले. तेव्हापासून लोकांनी मला नाना तऱ्हेच्या हाका मारल्या, त्यांतल्या निम्म्या दयेच्या. मालक म्हणणारा हा एकच माणूस भेटला, आणि खोटं कशाला सांगू, ती हाक मला फार आवडायची.

मिस्त्रींचं लोखंड कातायच्या लेथचं छोटं वर्कशॉप उद्यमनगरात होतं. पहिल्यांदा ते दुकानात आले ते रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला. तेव्हा माझं असं चालायचं: कॉम्प्युटर बोलका करून घेतला होता, पडद्यावरचं सगळं तो वाचून दाखवायचा, त्यामुळे टायपिंगचं काही अडत नव्हतं. अडायचं झेरॉक्सपाशी. मशीनची सगळी बटणं एका सपाट प्लॅस्टिकखाली. हात फिरवला तर भिंतीवरून फिरवल्यासारखा. मी कागद लावायचो आणि शेजारच्या चहावाल्याला हाक मारायचो, "अण्णा, जरा बघा की!" अण्णा शेगडीवरचं पातेलं तसंच सोडून यायचा आणि बटण दाबून जायचा. तो कधी चिडला नाही. पण मधूनच दूध उतू गेल्याचा वास यायचा, आणि तो माझ्यामुळे आलाय हे मला कळायचं.

मिस्त्रींनी रांगेत उभं राहून हा प्रकार पाहिला. त्यांचा नंबर आला तेव्हा म्हणाले, "पावणं, ह्यो काय परकार हाय?"

"मला दिसत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी दिवसातून दहादा बोलतो.

"ते न्हवं ओ. तुमचं डोळं ऱ्हाऊ द्यात. ह्या मशिनला अंगच न्हाय, त्ये म्हन्तोय मी. मान्साच्या हाताला कायतरी लागाय नको व्हय?"

तोवर सगळ्यांनी खोट माझ्यात काढली होती. ती मशीनमध्ये काढणारा माणूस माझ्यासमोर पहिल्यांदाच उभा होता. मी मात्र नेहमीसारखी अण्णाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री एमसील घेऊन हजर. गळक्या नळाला लावतात ना, तेच. दोन वड्या एकत्र मळायच्या, की घटकाभरात त्याचा दगड होतो. मला म्हणाले, "तुम्ही भायेर बाकड्यावर बसा, च्या घ्या." मी चहा घेतला. एक झाला, दुसरा झाला. मग मोठ्या थाटात मला आत बोलावलं. "लावा हात!"

मी हात लावला. अकरा बटणं होती, अकराही बटणांवर एकेक टिंब. सगळी टिंबं सारखी, मापात, लेथवर कातल्यासारखी सुबक.

"मिस्त्री," मी म्हणालो, "यातलं कुठलं कुठलं?"

स्वतःच्या कपाळावर चापट मारल्याचा आवाज आला. "आयला, चुकलंच की! सगळ्या म्हशींच्या गळ्यात सारखीच घंटी बांधली, आनि गवळ्याला इचारलंच न्हाय." आणि असे खदाखदा हसले की शेजारून अण्णा बघायला आला. त्या दिवशी मला बरोबर बसवून आठ टिंबं ब्लेडनं खरवडून काढली, तीनच ठेवली. सुरू करायच्या बटणावर ज्वारीच्या दाण्याएवढं, प्रती वाढवायच्या बटणावरचं घासून मोहरीएवढं. थांबवायच्या बटणावरचं मात्र नव्यानं मळून लावलं, आणि ते ओलं असताना माझं बोट धरून माझ्याच नखाची खूण त्यात उठवली. "बोट तुमचं, जोर माझा. तुमच्या नखाचं माप हाय, आता दुसऱ्याचं ऐकायचं न्हाय ते."

त्या दिवसानंतर, ते मशीन होतं तोवर, माझ्यापायी अण्णाचं दूध उतू गेलं नाही.

तेव्हापासून त्यांनी एक रीतच लावून घेतली. काहीही करून दिलं, तरी शेवटचं एक टिंब राखून ठेवायचं. ते मशीनवरच, ज्याचं मशीन त्याच्याच बोटानं बसायचं. "त्याशिवाय त्ये वापरायचं न्हाय. माजी चूक हाय का न्हाय, त्ये ह्या शेवटच्याला कळतंय."

असल्या कामांची त्यांनी कुठं पाटी लावली नव्हती, पण माणसं यायची. कबनूरच्या एका यंत्रमाग कामगाराची मुलगी होती. हात सारखे हलायचे, एका अक्षरावर बोट ठेवायला जावं तर चार अक्षरं दाबली जायची. मिस्त्रींनी तिच्या कीबोर्डवर बसेल अशी एक पट्टी केली, प्रत्येक अक्षरावर एक भोक. बोट भोकात उतरेपर्यंत काही दाबलं जात नाही, मग हात पट्टीवर खुशाल टेकवा. शेवटचं टिंब लावायला ती मुलगी कीबोर्ड घेऊन वडिलांबरोबर माझ्याच दुकानात आली होती. तिचं बोट जागेवर यायला वेळ लागत होता. वडील म्हणाले, "मी धरू का तिचा हात?" मिस्त्री म्हणाले, "कुटं गाडी गाठायची हाय का तुमाला? येतंय की त्येचं त्ये." पंखा फिरत होता. बऱ्याच वेळानं ते बोट आलं. मग ऐकू आलं, "हं. बोट तुमचं, जोर माझा." मुलगी हसली, आणि तिचे वडील उठून बाहेर गेले.

मशिनं बनवणाऱ्यांवर मात्र मिस्त्रींचा भारी राग. आयुष्य साचे आणि कातकाम यात गेलेलं, त्यामुळे राग नेमका होता. "आवो, साच्यातच एक टिंब टाकलं असतं तर हजार मशिनांवर आपसूक उठलं असतं. आता मी एकेकाला वरनं चिकटवत बसलोय. करनाऱ्यानं एकदा तरी डोळं झाकून एक झेरॉक्स काढून बघाय नको?" माझा कॉम्प्युटर भराभरा वाचायला लागला की त्याच्यावरही डाफरायचे, "आरं, दम खा की जरा!" एकदा त्यानं 'दुरुस्त करा' असं वाचलं, तर म्हणाले, "करालोय न्हवं का?"

मग ते मशीन म्हातारं झालं. पार्ट मिळेनात. मी नवं आणलं. त्याला एकही बटण नाही, पुढे सपाट काच, बोट लावाल तिथं काहीतरी उमटणार. मिस्त्री आले, त्यांनी काचेवर हात फिरवला. "काचच की नुसती," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "आठ दिस द्या मालक."

आठाचे पंधरा झाले, महिना झाला. आधी पुठ्ठ्याची चौकट आणली, मग पातळ पत्र्याची. काचेवर उमटणाऱ्या बटणांच्या एका पानावर भोकं जुळायची, पण दुसरं पान आलं की त्याच भोकात भलतंच काहीतरी. मिस्त्री पुटपुटत परत जायचे. आणि मी पुन्हा "अण्णा, जरा बघा की!" वर आलो. जो दरवाजा एकदा उघडून बाहेर आलो होतो, त्यातूनच परत आत ढकलल्यासारखं झालं. माझा स्वभाव मुळात काही गोड नाही, त्या दिवसांत तो पार नासला.

एका सकाळी अण्णा जागेवर नव्हता. एका गिऱ्हाइकाची घाई होती. मी अंदाजानं बोट लावलं आणि चाळीस प्रती भलत्याच मापाच्या निघाल्या, प्रत्येकीची खालची सही कापलेली. तो माणूस ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "तुमच्या जागी कोणीतरी डोळस माणूस बसवा हो." आणि गेला.

तेवढ्यात तेलाचा वास आला. मिस्त्री नवी चौकट घेऊन आले होते. माझं काय झालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. नेहमीसारखं म्हणाले, "बोट द्या," आणि धरलं.

मी हात हिसडून घेतला. म्हणालो, "राहू द्या हो मिस्त्री! तुम्हाला डोळे आहेत, तुम्हाला नाही कळायचं. तुमचा खेळ होतो आणि माझं दुकान जातं."

वास तिथंच होता, म्हणजे ते उभे होते. मग म्हणाले, "बरं." बरं मालक नाही, नुसतं बरं. पायरी उतरताना त्यांच्या चपलेचा आवाज आला, तो अजून माझ्या कानात आहे.

मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू. ते येतीलच, असंही वाटायचं, कारण ते नेहमी येत आले होते. तुमचंही कधी कोणाशी असं झालं असेल तर तुम्हाला सांगायला नको, की माफी मागायला एक वाक्य पुरतं आणि ते तोंडातून निघत नाही. असे दोन महिने गेले.

एका दुपारी दुकानात बाईचा आवाज आला. "मालकांचं दुकान ह्येच का?"

मिस्त्रींखेरीज मला कोणी मालक म्हणत नाही, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. मी उठून उभा राहिलो.

त्या म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, वहिनी. मिस्त्री गेले होते. लेथवर उभे असतानाच छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. तेरावं होऊन चार दिवस झाले होते. मला कळवायला कोणाकडे माझा नंबर नव्हता. वहिनींनी काउंटरवर एक जड पुडकं ठेवलं. "ह्ये तुमचं हाय म्हनं. कपाटात ठेवलंतं. मालकांचं हाय, कुनी हात लावायचा न्हाय म्हनून सांगिटलंतं."

पुडक्यात जाड पारदर्शक पट्टी होती. पारदर्शक हे वहिनींनी सांगितलं. कडा इतक्या गुळगुळीत घासलेल्या की बोटाला कुठं टोचू नये. वर बिजागरी, पाहिजे तेव्हा उचलता यावी म्हणून. भोकं चारच होती. मिस्त्रींचं सारखं पुटपुटणं ऐकून वहिनींना ते पाठ झालं होतं, तसं त्यांनी मला म्हणून दाखवलं, "आधी कोपऱ्यातलं दाबायचं, मग कुटलंबी पान असू दे, मशीन पयल्या पानावर येतंय. मग बाकीची तीन, सुरू, परती, थांबा." एवढं साधं होतं ते. सगळी पानं जुळवायचा नाद त्यांनी सोडला होता, एकच पान धरून ठेवलं होतं. मी पट्टी काचेवर ठेवली. चपखल बसली.

"पण माप कुठलं घेतलं?" मी विचारलं. "इथं तर ते दोन महिन्यांत आलेच नाहीत."

"जयसिंगपूरला. तितं एका दुकानात अस्सलंच मशीन हाय म्हनं. कारखान्याला सोमवारची सुट्टी असती न्हवं, दर सोमवारी येष्टीनं जायाचं. येताना भडंगाचा पुडा आनायचं." पुडक्याच्या कागदाची घडी घालत वहिनी म्हणाल्या, "दुकानवाला मातीला आलता. त्यो म्हनला, डोळ्याला टॉवेल बांदून दिसभर मशिनीपुढं बसायचं. लोक हसायची. ह्ये म्हनायचं, हसू द्यात, मला डोळं हाईत म्हनून कळंना झालंय."

अण्णानं न बोलावता पाणी आणून दिलं.

जाताना वहिनी म्हणाल्या, "एक टिंब ऱ्हायलंय म्हनलंतं, त्ये हितं लावायचं हाय." पट्टीवर मी पुन्हा हात फिरवला. तीन भोकांच्या कडेला टिंबं होती. थांबवायच्या भोकाशेजारी नव्हतं. तिथली जागा कानशीनं घासून खरबरीत करून ठेवली होती, आणि पुडक्याच्या तळाशी एमसीलचं न फोडलेलं पाकीट होतं.

चार दिवस मी ते पाकीट तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी दुकान उघडल्यावर, गिऱ्हाइकं यायच्या आत, दोन वड्या मळल्या. गोळी करून त्या जागेवर ठेवली. बोट वर धरलं आणि उगीचच थांबलो. अंगठा कुठून येणार होता? मग दाबलं.

पट्टी उत्तम चालते. अण्णाला हाक मारावी लागत नाही, एकही सही कापली जात नाही. ते टिंब मात्र उथळ बसलं आहे, नखाची खूण हाताला लागते न लागते. जोर कमी पडला.