आईला बेट दाखवताना

माझा नवरा लेनॉक्स तीन वर्षांचा असताना त्याची आई इंग्लंडला गेली ती तिकडचीच झाली. त्याला आजीने वाढवलं. मोठा झाल्यावर तो आमच्या बेटावरच्या रोझो बंदराच्या धक्क्यावर बोटीतून उतरणाऱ्या प्रवाशांना गाडीतून बेट दाखवू लागला.

गेल्या साली त्याच्या आईचा फोन आला. "बोटीने येतेय, एकच दिवस. तुझ्याच गाडीत बसेन. पण माझ्या घरच्यांना तुझ्याबद्दल काही माहीत नाही रे. बोलू नकोस काही."

मी भडकले. "पोटच्या पोराच्या गाडीत परक्यासारखी बसणार?"

"बसू दे गं. येतेय ना," तो म्हणाला.

त्याने गाडी आतबाहेर धुतली. मी अळकुड्या उकडल्या, खारा मासा परतला. न जाणो, घरी आणलंच तर!

ती नवरा आणि मुलीसोबत उतरली. मी धक्क्यावर शहाळी विकते. तिथूनच तिला ओळखलं. कपाळ थेट लेनॉक्सचं.

पुढचं मला त्याने नंतर सांगितलं. आरशात ती सारखी त्याच्याकडेच बघत होती. मध्येच म्हणाली, "ड्रायव्हर, तुमची आई इथेच असते का?"

"नाही मॅडम. परदेशात असते."

"येते का भेटायला?"

"येईन म्हणाली होती."

तिचा नवरा हसला. "मग बस वाट बघत! गेलेली माणसं कुठली परत येतात?"

सूफ्रिएर गावात त्याने मुद्दाम आजीच्या थडग्यापाशी गाडी थांबवली. "इथून समुद्र छान दिसतो," म्हणाला. बापलेक फोटो काढायला गेले. तिने दगडावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "मारायची नाही ना रे तुला?"

"नाही. तुझ्या नावाने रडायची."

"मम्मी, चल ना, बोट सुटेल!" मुलीने हाक मारली.

धक्क्यावर उतरताना त्याने तिला हात दिला. ती तो सोडेचना.

"अगं, सोड बिचाऱ्याला, दुसरं गिऱ्हाईक असेल त्याला," नवरा म्हणाला.

तिने हात सोडला. "थँक यू, ड्रायव्हर."

लेनॉक्स माझ्याकडे आला. मी विचारलं, "घरी ये म्हणालास का?"

"नाही गं. नाही म्हणाली असती तर?"

एवढं बोलून तो शहाळ्यांच्या ढिगाशेजारी मटकन बसला आणि माझ्या कुशीत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला.

"लेनॉक्स, अजून चौघं आहेत, नेतोस का?" कोणीतरी ओरडलं.

मी हातानेच नाही म्हटलं.