राजीनाम्याचा अर्थ

नोकरीची शेवटची सहा वर्षं मी दिल्लीत एका सरकारी कर्ज योजनेत काढली. जुनं प्लास्टिक दळून, वितळवून त्याचा पुन्हा माल करणाऱ्या छोट्या कारखान्यांना स्वस्त व्याजाने कर्ज द्यायचं, वर अनुदान. योजना चांगली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्याचं खापर योजनेवर फोडण्याची सोय मला ठेवायची नाही.

कर्ज दोन टप्प्यांत मिळे. पहिल्या टप्प्यात यंत्रं घ्यायची. मग कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या आमच्या कार्यालयातून कुणीतरी कारखान्यात जाऊन पाहणी करी. यंत्र जागेवर आहे का, धूर बाहेर जातो का, कामावर स्त्रिया किती, आणि प्लास्टिक दळणाऱ्या ग्राइंडरच्या तोंडावर लोखंडी जाळी आहे का. त्या जाळीला सगळे गार्ड म्हणत. अहवाल गेला की दुसरा टप्पा सुटे.

बवानाच्या बाजूला असा एक कारखाना माझ्याकडे होता. त्याला कामावर स्त्रिया हव्या होत्या, कारण त्याशिवाय अनुदान मिळत नव्हतं. माझ्या बायकोच्या ओळखीची एक बाई होती, साताऱ्याकडची. नवरा फौजेत हवालदार होता, तो आजारपणात गेला. छावणीतलं क्वार्टर सोडावं लागलं, तरी मुलीच्या शाळेसाठी ती गावी परत गेली नाही, पालमला एक खोली घेऊन राहिली. हळदीकुंकवाला मदतीसाठी आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या घरी यायची आणि सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात शिरायची. बायको म्हणाली, तिला कुठे चिकटवता आलं तर बघा. मी त्या मालकाला सांगितलं. महिनाभरात ती तिथे माल निवडणाऱ्या बायकांवर मुकादम झाली. मला ती भाऊ म्हणायची, माझ्या बायकोला वहिनी.

पाहणीला गेलो तेव्हा मार्च संपत आला होता आणि फायली निकाली काढायची घाई होती. ग्राइंडरचा गार्ड भिंतीला टेकवून ठेवला होता, त्याच्यावर पोती. मालकाने काही लपवलं नाही. गार्ड लावला की माल अडकतो, काम निम्म्यावर येतं, असं तो म्हणाला. फोटोपुरता लावून देतो. दोघा कामगारांनी गार्ड उचलून यंत्राच्या तोंडावर धरला आणि मागून तारेने बांधला. आम्हाला मोबाइलमधून असा फोटो काढावा लागे की त्यावर वेळ आणि ठिकाण आपोआप उमटेल, म्हणजे कुणाला खोटं बोलता येऊ नये. वेळ खरी होती. ठिकाणही खरं होतं. मी जिथे उभा राहिलो तिथून तार दिसत नव्हती, एवढंच.

निघताना ती बाई फाटकापर्यंत आली. म्हणाली, "भाऊ, ते काढून ठेवत्यात बरं का नंतर." मालकाला सांगतो, असं म्हणून मी गाडीत बसलो. मालकाला मी काही सांगितलं नाही. मी पैसे खाल्ले नाहीत. कैक वर्षं मी हे वाक्य मनात धरून होतो, जणू तेवढ्याने बाकीचं धुऊन निघतं.

पावसाळ्यात एका दुपारी, निवडलेला माल उघड्या ग्राइंडरमध्ये टाकताना, प्लास्टिकची लांब पट्टी तिच्या हातमोज्याला गुंडाळली गेली आणि यंत्राने तिचा उजवा हात ओढून घेतला. मनगटाच्या वर कापावा लागला. मी इस्पितळात गेलो, फळं घेऊन. ती शुद्धीत होती. मुलगी अकरावीला होती, तिची परीक्षा चालू आहे, तिला इथे फार वेळ बसवू नका, एवढंच ती बोलली.

तीन आठवड्यांनी मालकाचा फोन आला. एक कागद करायचा आहे, बाई हिंदी बोलते पण वाचत नाही. "आपकी भाषा की है साहब, आप समझा दीजिए." आणि फोन ठेवण्याआधी म्हणाला, "वैसे रिपोर्ट तो आपकी भी है उसमें."

तो कागद कारखान्याच्या ऑफिसात, पंख्याखाली, पेपरवेटने दाबून ठेवला होता. मी वाचला. अपघात बाईच्या स्वतःच्या चुकीने झाला, यंत्राला गार्ड लावलेला होता, दिलेली रक्कम मिळाली, यापुढे ती मालकावर कसलाही दावा करणार नाही. गार्ड लावलेला होता याला पुरावा माझा अहवाल आणि माझा फोटो. कागदाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: राजीनामा.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. तिकडच्या हिंदीत त्याला इस्तीफा म्हणतात, आणि राजीनामा म्हणजे तडजोड: दोन्ही पक्ष राजी, तक्रार संपली. पोलीस चौकीत, पंचायतीत हाच शब्द चालतो. महाराष्ट्रातून नव्याने बदली होऊन आलेल्यांना आम्ही जुने लोक असल्या शब्दांवरून हसायचो. शिक्षा निदेशालयाची पाटी बघून एकाने विचारलं होतं, इथे गुन्हेगारांना ठेवतात का. तेव्हा मला फरक ठाऊक नव्हता असं म्हणायला जागा नाही. मीच तो दुसऱ्यांना शिकवत असे.

टेबलापलीकडे बसलेल्या बाईने पहिला शब्द अक्षरं जुळवत स्वतः वाचला. अक्षरं तर तीच.

"राजीनामा व्हय?" ती म्हणाली. "म्हंजी कामावरनं नाव काढायचं. काढू द्या. हाताबिगर मी काय निवडणार हाय हितं?"

मालक माझ्याकडे बघत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण ती काय समजली ते त्याला कळलं असावं, कारण त्याने शाईची डबी पुढे सरकवली.

"एवढंच हाय न्हवं भाऊ?"

"हो," मी म्हणालो. "एवढंच."

तिने डाव्या हाताचा अंगठा उमटवला. ठसा तिरका आला. म्हणाली, "डाव्याला सवय न्हाई अजून." आणि हसली. मीही हसलो. मालकाने दिलेलं पाकीट तिने पदराखाली घेतलं, नोकरी सोडताना देतात तसं काही असेल म्हणून. नुकसानभरपाई मागायचा हक्क तिला आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारा मी एकटाच त्या खोलीत होतो. दावा झाला असता तर माझा फोटो कुणीतरी नीट पाहिला असता. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

घरी मी बायकोला सांगितलं की कागदपत्रांत तिला मदत करून आलो. पुढे दोन वर्षांनी बायको वारली. तिला शेवटपर्यंत तसंच वाटत होतं.

आणखी एक खोटं मी फोनवर बोललो. तोपर्यंत त्या बाईची मुलगी विद्यापीठात शिकत होती, मुनिरकाला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. सगळं शिक्षण दिल्लीत झालेलं, मराठी घरापुरती. आईची ट्रंक आवरताना तिला त्या कागदाची नक्कल सापडली, आणि राजीनाम्याचा तिला एकच अर्थ ठाऊक होता, तिथला. आई म्हणत राहिली, मी नुसती नोकरी सोडली. मुलीला ते बहाणे वाटले. तिने मला फोन केला.

"काका, एकदम सीधी गोष्ट विचारते. तुम्ही तिथे होता. आईला पता होतं ना, ती समझौता साइन करते आहे?"

मी म्हणालो, हो, मी वाचून दाखवलं होतं सगळं.

"अच्छा," ती म्हणाली. "थँक्यू काका."

त्यानंतर चार वर्षं मी मायलेकींकडे फिरकलो नाही. मुलगा गुरुग्रामला नोकरीत, मी त्याच्याकडे राहतो. गेल्या भाद्रपदात महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला गेलो तर ती बाई चपलांच्या रांगेजवळ उभी होती. डाव्या हाताने लोकांना प्रसादाचे द्रोण देत होती, सराईतपणे. मला बघून आनंदली. मला बाजूला घेऊन म्हणाली की लेक बोलत नाही, घरी येत नाही. तू पैशासाठी हात विकलास, असं म्हणते.

"तुमी व्हता की भाऊ तितं. तिला एकदा सांगा न्हवं, मी राजीनामा दिला फकस्त. तुमचं ऐकंल ती."

माझ्याच शब्दावर मुलीने आईला दोषी ठरवलं होतं, आणि आई साक्षीदार म्हणून मलाच बोलावत होती. मी सांगतो म्हणालो. या खेपेला सांगितलं. धैर्य आलं असं नाही. त्या बाईने दिलेला द्रोण घरापर्यंत माझ्या हातात तसाच राहिला होता आणि खाववेना.

मी सगळं लिहून काढलं: तार, फोटो, कागद, फोन. मुनिरकाला मुलीच्या खोलीकडे जाणाऱ्या अरुंद जिन्यावर दोनदा बसून वर गेलो. मुलीने उभ्यानेच वाचलं. मला पाणीही विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. वाचून झाल्यावर तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "चलो. आईसमोर बोला हे."

पालमच्या खोलीत मी खाली मान घालून बोललो. बाई भिंतीला टेकून ऐकत होती. मधे एकदा तिने मुलीला विचारलं की हिंदीत खरंच तसा अर्थ होतो का. मुलगी हो म्हणाली आणि रडायला लागली. आईने तिला जवळ ओढलं नाही, दूरही केलं नाही. बराच वेळ ती आपल्या अंगठ्याकडे पाहत होती. मग तिने मला एकच विचारलं.

"वहिनीला ठावं व्हतं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली.

वकील म्हणतो, दाव्याची मुदत केव्हाच उलटली. उशीर का झाला याचं सबळ कारण दाखवलं तर अर्ज घेतात. ते कारण म्हणजे मी. माझं प्रतिज्ञापत्र जोडलं आहे. मुलगा रागावला, पेन्शन अडकेल म्हणाला, या वयात हे कशाला. अडकू शकते. कारखाना अजून चालू आहे, त्याला नंतर आणखी एक कर्ज मिळालं, आणि त्या कर्जाच्या अर्जासोबत पूर्वीचा समाधानकारक अहवाल म्हणून माझाच कागद लावलेला होता. गार्ड आता बसवला आहे की नाही, मला माहीत नाही. विचारायला गेलो तर मला फाटकातून आत घेतलं नाही.

मागच्या आठवड्यात कामगार कार्यालयात पहिली तारीख होती. मायलेकी एका बाकावर बसल्या होत्या, मधे पाण्याची बाटली ठेवून. मी गेलो आणि त्याच बाकाच्या टोकाला बसलो. मुलीने पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला जागा व्हावी म्हणून की अंतर राहावं म्हणून, कळलं नाही. कारकून नावं लिहून घेत होता. बाईचं झालं, मुलीचं झालं. मग पेन माझ्याकडे वळवून त्याने विचारलं, आप किसकी तरफ से हैं?

मी तोंड उघडलं, पण उत्तर बाईनेच दिलं, स्वच्छ हिंदीत, चढ्या आवाजात नाही.

"ये हमारे नहीं हैं. गवाह हैं."

कारकुनाने तसं लिहिलं आणि साक्षीदारांनी पुकारा होईपर्यंत बाहेर थांबायचं असतं, असं मला सांगितलं. मी उठलो.